चावी

म्हार्दोळ, चवथीचा तिसरा दिवस

प्रिय मित्रा,

पुढच्या महिन्यात तू टोरंटोला निघालास, म्हणून विचारलंस, "तिकडं घरासारखं कधी वाटायला लागतं रे?" फोनवर मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे लिस्बनमध्ये पहिलं वर्ष मी पाहुण्यासारखाच काढलं. एक बॅग तर उघडलीसुद्धा नव्हती.

मग नोव्हेंबरच्या पावसात एकदा दार मागं धाडकन लागलं, चावी आत. जिन्यावर बसून होतो. खालची म्हातारी वर आली आणि हवेत मूठ फिरवून म्हणाली, "शाव?" मी ओरडलो, "चावी, चावी!" शब्द एकच! चावी, बटाटा, पाव, बालदी, सगळा पोर्तुगीजांचाच माल. साडेचारशे वर्षांनी, 1961 मध्ये त्यांना गोव्यातून घालवलं, पण शब्द आपण ठेवून घेतले. म्हातारीनं सूप पाजलं, कुलूपवाला बोलावला. (त्यानं लुटलंच, ते असो.) दुसऱ्या दिवशी जादा चावी करून तिच्याकडे दिली. ती तिच्या बिस्किटांच्या डब्यात असते.

आज म्हाळसेला जाऊन आलो. ही देवीही मुळात इथली नव्हे, हे लहानपणी कधी डोक्यातच आलं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले, तेव्हा लोकांनी तिला वेर्ण्याहून झुआरी नदीपार, आदिलशाही मुलखात आणलं. शेजारचा मंगेशही 1560 मध्ये कुठ्ठाळीहून असाच आला. आता वेर्ण्यात पुन्हा देऊळ झालंय, तरी म्हाळसा म्हार्दोळची ती म्हार्दोळचीच. जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची पूजा म्हटली की लोक इथंच येतात. आणि ज्यांच्यामुळे ती निघाली, त्यांच्याच राजधानीत मी भाडं भरतो! आजोबा असते तर काय बोलले असते कुणास ठाऊक.

एक सांगतो, आईला कळू देऊ नकोस. इथं नवं कुलूप आलंय. मी बाहेर निघालो की ती चावी हातावर ठेवते, परतलो की मागून घेते. काल जरा लागलं मनाला.

दुपारी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पडलो होतो, तर म्हातारीचा फोन. जूनमध्ये सांत आंतोनियोच्या सणाला तिनं मला मांजेरिकोची कुंडी दिली होती. आपल्या तुळशीचीच धाकटी बहीण ती. नाक लावायचं नाही, वरून तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा, अशी तिकडची रीत. म्हणाली, "रोज पाणी घालते, पण पानं गळायला लागलीत. घरी कधी येतोस?"

"कोण रे?" आईनं आतून विचारलं.

"शेजारीण," म्हटलं.

तुझाच