‘माका इचारलंस काय?’

वेंगुर्ला,
मृग लागून दोन दिवस

प्रिय बाबू,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. मे महिन्यातली लग्नं संपता संपेनात, त्यामुळे उत्तर राहून गेलं. आता होड्या वर ओढून शाकारल्यात, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बंदरावर सामसूम आहे. कालपासून पाऊसही धरलाय. म्हटलं, आज बसूनच लिहू.

तुमच्या कॉलेजात व्हिडिओ निर्मितीचा वर्ग सुरू होतोय आणि पहिली तुकडी तुझ्या हातात दिलीय, हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या वेळी या कामासाठी दादर गाठावं लागायचं, आणि तिथेही शिकवायचं कुणी नाही, फक्त केबल उचलायला लावायचे. पहिल्या महिन्यात मुलांना काय सांगू, असं तू विचारलंस. फ्रेम, लेन्स, एक्स्पोजर हे सगळं तू शिकवशीलच. पण त्याच्याही आधी त्यांना माझी एक गोष्ट सांग. तुलाही मी ती कधी पुरती सांगितलेली नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका कंपनीसाठी इथल्या मासळीबाजारावर छोटी फिल्म केली. पर्यटनासाठी आहे, असं मला सांगितलं होतं. बाजारात एक आजी बसते, सुरमई कापण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. विळी पायाखाली, मासा दोन्ही हातांत, आणि तुकडे असे पडतात की मोजून घ्यावेत, सगळे एका जाडीचे. तिला विचारलं, ‘आजी, बाजाराचा पिक्चर काढतोय, तुमचे हात घेऊ का?’ ती म्हणाली, ‘घे रे झिला.’ मी हात घेतले, मग चेहरा घेतला, मग ती हसली तेही घेतलं. तो शॉट आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, इतका सुंदर आला होता.

वर्षभराने त्या कंपनीने तोच शॉट उचलून एका हॉटेलच्या जाहिरातीत टाकला. ज्या हॉटेलमुळे किनाऱ्यावरची मासे सुकवायची जागा जाणार म्हणून अख्खी वाडी भांडत होती, नेमक्या त्याच हॉटेलच्या. आजीचा मुलगा मुंबईला असतो. त्याला ती जाहिरात फोनवर दिसली, त्याने वाडीत कळवलं, आणि लोक आजीला विचारू लागले की तू पैसे किती घेतलेस. मी बाजारात गेलो तेव्हा ती ओरडली नाही. हातातली सुरमई खाली ठेवली आणि म्हणाली, ‘बाजाराचो पिक्चर काढतंय म्हणालंस. मगे ह्यां हाटेलाचां कसां झालां? माका इचारलंस काय?’

बाबू, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कंपनीला फोन केला तर ते म्हणाले, फिल्म आमच्या मालकीची आहे. मी वकिलाकडे गेलो, आणि तिथे मला जे कळलं ते मला पहिल्या वर्षी कळायला हवं होतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून फिल्म करून घेतली आणि मालकीबद्दल वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक तो पैसे देणारा. कॅमेरा तुझा, डोळा तुझा, रात्री जागून एडिट तू केलंस, तरी मालक तो. नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून केलेलं असेल, तर मालकी नोकरी देणाऱ्याची. आमच्यात कागद असा झालाच नव्हता. फोनवर ठरलं, निम्मे पैसे आगाऊ आले आणि मी कॅमेरा उचलून निघालो. आजीने मला होकार दिला होता तो बाजाराच्या फिल्मसाठी. तो होकार मी कागदावर उतरवला असता आणि कंपनीच्या करारात ‘या फिल्मखेरीज दुसरीकडे वापर नाही’ एवढी एक ओळ घातली असती, तर मला दोन्हीकडे बोलायला तोंड राहिलं असतं.

म्हणून तुझ्या मुलांना आधी विचारायला शिकव. नुसतं ‘शूट करू का?’ एवढं नाही. कशासाठी, कुठे दिसणार, किती दिवस, आणि पुढे दुसऱ्या कुणाला देणार का, हे चारही सांगून विचारायचं. संमतिपत्र मराठीत असावं, एका पानाचं, आणि समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवलेलं. सही येत नसेल तर अंगठा आणि जवळच्या एका माणसाची साक्ष. जमलं तर तो होकार कॅमेऱ्यावरही घ्यावा. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याची सही कायद्यापुढे टिकत नाही, आईवडिलांचीच लागते. शाळेत शूट असेल तर मुख्याध्यापकांनी ‘हो’ म्हटलं म्हणजे पालकांनी म्हटलं, असं धरून चालू नये. आणि लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची किंवा बाईची ओळख पटेल असं काहीही, नाव, चेहरा, घराची पायरीसुद्धा, दाखवणं हा गुन्हा आहे. मुलं उद्या गावच्या बातम्या करू लागतील, तेव्हा हे त्यांना पाठ हवं.

हेच सगळं दशावताराला लागू पडतं आणि तिथे तर आपण सगळेच बेफिकीर आहोत. जत्रेत रात्रभर नाटक चालतं, पहाटेपर्यंत पन्नास मोबाइल वर असतात आणि सकाळी अख्खं नाटक कुणाच्या तरी चॅनेलवर चढलेलं असतं. देवळाच्या अंगणात, सगळ्यांदेखत झालं, म्हणजे ते सगळ्यांचं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे, आणि तो पन्नास वर्षं टिकतो. आख्यान पुराणातलं असेल, पण राजाची भूमिका करणारा गडी ते संवाद जागेवर रचतो, पखवाजवाला त्याच्या चालीवर थाप देतो, ते त्यांचं आहे. मी गेल्या वर्षी एका मंडळाचं नाटक रेकॉर्ड केलं तेव्हा आधी मालकाला भेटलो, मग संध्याकाळी रंगपटात गेलो. एक कलाकार कंदिलाएवढ्या उजेडात आरसा गुडघ्यांत धरून भुवई रेखत होता. मी कागद वाचून दाखवला. तो हात न थांबवता ऐकत होता. शेवटी म्हणाला, आजवर कुणी आम्हाला वाचून दाखवलं नाही. मग रंगाचा हात पुसून सही केली. त्या कागदावर अजून अंगठ्याचा लाल डाग आहे.

कागदात काय असावं, याबद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास ठाऊक नसते. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गिऱ्हाईक ‘सगळे हक्क आमचे’ असं लिहून आणेल, तेव्हा घाबरून सही करू नये. कशासाठी, किती वर्षं, कुठे, हे विचारावं. स्वतःच्या कामाच्या नमुन्यात ती फिल्म दाखवायची परवानगीही तिथेच मागून घ्यावी.

गाण्यांचं तर रोजचं आहे. वरातीत बँडने सिनेमातलं गाणं वाजवलं तर त्याला कायद्यात सूट आहे. लग्न आणि लग्नातली वरात यांसाठी ती खास दिलेली आहे. पण तेच गाणं उचलून लग्नाच्या व्हिडिओखाली टाकलं आणि नेटवर चढवलं, की ती सूट संपली. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्यांचे असू शकतात. ‘दहा सेकंद घेतले तर चालतं’ असा नियम कुठेही नाही, आणि खाली गायकाचं नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. मी आता काय करतो सांगू? इथल्या एका भजनी बुवांकडून पेटी आणि मृदुंग वाजवून घेतो, पैसे देतो, लिहून घेतो. अभंग तुकोबांचा असला तर शब्दांची अडचण नाही, पण चाल कुणाची ते मात्र बुवांना विचारावंच लागतं. डबलबारीतली, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यातली, एखादी चाल सिनेमाच्या गाण्यावर बेतलेली असते, आणि तिथे पुन्हा अडकायला होतं.

जागांचंही थोडं सांगतो. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्गावर ट्रायपॉड घेऊन शूट करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी काढायला लावायची. सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात शिरण्याआधी त्यांनाही विचारायचं. वेळासला कासवांची पिल्लं शूट करायची कुणाला हौस आली तर वनखात्याला विचारून, आणि पांढरा दिवा अजिबात न लावता. पिल्लं उजेडाकडे धावतात, लाइट पाहून समुद्र सोडून उलटी फिरतात. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. चिपीला विमानतळ आहे, त्याच्या आसपास मनाला येईल तिथे ड्रोन उडवता येत नाही. आणि २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला, तर पैसे घेऊन ड्रोन उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र लागतं.

आता सेटवरचं वागणं. मला स्वतःला हाताखाली मुलगा घ्यायचा असतो तेव्हा मी त्याची शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, नंतर बघतो. आधी बघतो की साडेपाचचा कॉल, म्हणजे हजर व्हायची वेळ, असेल तर तो सव्वापाचला चहा पिऊन उभा आहे का, आणि केबल गुंडाळताना ती पीळ न पडता गोल बसते का. सांगितलेलं काम झालं की ‘झालं’ म्हणून सांगतो का. चूक झाली तर लपवत नाही ना. माझ्याकडे एकदा हळदीच्या शूटचं मेमरी कार्ड फॉरमॅट झालं, म्हणजे सगळं पुसलं गेलं. मदतीला आलेल्या मुलाने केलं, पण भरलेली आणि रिकामी कार्डं एकाच डबीत ठेवली होती मी. त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांकडे जाऊन सांगितलं, पैसे कमी केले. तेव्हापासून भरलेल्या कार्डावर लाल पट्टी लागते, ते वेगळ्या डबीत जातं, आणि दोन हार्ड डिस्कवर उतरवून, फाइल उघडून, चालवून बघितल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. दुसरी डिस्क त्या रात्री दुसऱ्या घरात झोपते.

आपल्याकडे खारा वारा आणि दमट हवा, त्यामुळे सामान सांभाळणं हेही कामच. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. परत आल्यावर कॅमेऱ्याचं अंग किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसून मग कोरडं करायचं, नाहीतर मीठ स्क्रूंमध्ये शिरून बसतं. पावसाळ्यात लेन्सना बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं कॉलेजकडून मागून घेच.

तुझ्या वर्गात मुली किती आहेत ते लिहिलं नाहीस. त्यांना, आणि मुलांनाही, २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा नीट समजावून सांग. बाहेरगावचं लोकेशन आणि मालकाने दिलेली गाडी हीसुद्धा कामाची जागाच धरली जाते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. आमच्यासारखी चार जणांची युनिटं असतात, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. रात्रीचं शूट असेल तर मुलगी घरी कशी पोचणार हे कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटच्या वेळापत्रकावर, लिहिलेलं असावं, असं मला फार वाटतं. मी लिहितो.

पैशांचं थोडक्यात. आगाऊ रक्कम, किती वेळा बदल करून देणार आणि उरलेले पैसे कधी, हे कोटेशनमध्येच असावं. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, ती मुलांनी व्यवसाय सुरू करताच करून घ्यावी. नोंदणी असेल तर लेखी मुदत ठरलेली नसताना गिऱ्हाइकाला पैसे पंधरा दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी ठरलेली असली तरी ४५ दिवसांच्या पलीकडे अडवता येत नाहीत, अडवले तर व्याज द्यावं लागतं.

त्या आजीचं सांगायचं राहिलं. कंपनीला मी तीन पत्रं लिहिली, तिसऱ्यानंतर त्यांनी तो शॉट काढला. मी वाडीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की आजीने एक पैसा घेतला नव्हता, चूक माझी. ती अजून त्याच जागेवर बसते. मला सुरमई देते, पण कॅमेरा खांद्यावर असला की विचारते, ‘आज काय कशाक?’ मी सांगतो. मग ती ठरवते.

सोबत माझ्या संमतिपत्राचा नमुना पाठवतोय. वर्गात वाटण्याआधी एक कर. संध्याकाळी तुझ्या आईला ओटीवर बसवून तो मोठ्याने वाचून दाखव. जिथे जिथे ती ‘म्हणजे काय रे?’ असं विचारेल, तिथे पेन्सिलीने खूण कर आणि कागद मला परत पाठव.

तुझा,
दादू