सास्काटूनहून, ट्रकखालून

सास्काटून, कॅनडा, १६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर बाबा आईला बोलू देत नाहीत, आई बाबांना बोलू देत नाही आणि चिनू मोबाइल टेबलावर ठेवून मला छताचा पंखा दाखवत बसते. म्हणून सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून पाठवतोय. चिनू, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे.

तब्येत उत्तम. वेळेवर जेवतो. फराळ पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, तो दह्यात घालून संपवला. अनारसे शाबूत आले. कामाचं तेच ते.

आता ट्रक. आई, तेल बदलायला गाडीखाली झोपलेला माझा फोटो बघून तुझा घास उतरेना म्हणे. अगं, फोटोत नीट बघ, चारही चाकं जमिनीवर आहेत. जॅक लावलेलाच नाही. पिकअप मुळात उंच, खाली पुठ्ठा अंथरला की सरळ सरकता येतं. मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावलाय, ब्रेक लावलाय. अंगावर काय पडणार? पडलं तर तेल पडेल. आणि पैसे नाहीत म्हणून घरी करतो असंही नाही. गॅरेजात जेवढे घेतात त्याच्या निम्म्यात होतं हे खरं, पण थंडी सुरू होण्याआधी सगळं गाव गॅरेजात लोटतं आणि तारीखच मिळत नाही. शिवाय मला आवडतं. आवडण्यावर तर कोणाची हरकत नसावी.

बाबा, तुमच्या शंका. गाडी २००५ ची शेव्हरोले सिल्व्हराडो, ५.३ लिटरचं व्ही-एट इंजिन, तेल बसतं ५.७ लिटर. इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट केलं, १५ चा पाना लावला, तेल सोडलं. ‘वायसर नवीन टाकलास का’ हे तुम्ही विचारणारच. तांब्याचा वॉशर याला नसतोच, रबराची सील तेल सोडायच्या प्लगलाच बसवलेली असते. ती बोटांनी चाचपून पाहिली, तडकलेली नव्हती. फिल्टर काढल्यावर जुनं रबर त्याच्याबरोबर खाली आलं की इंजिनालाच चिकटून राहिलं, हे टॉर्च लावून बघितलं. त्यावर दुसरं रबर बसलं तर सुरू केल्या केल्या सगळं तेल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट फिरवलं आणि हातानेच आवळला, पाना लावला नाही. वागळे इस्टेटच्या कंपनीत तुम्ही पोरांना कशाकशावरून ओरडायचात ते लक्षात आहे.

पण तुम्ही म्हणता ते २०डब्ल्यू-४० तेल मी टाकणार नाही. ‘जुन्या इंजिनाला जाड तेल’ हे ठाण्यात ठीक. इथे जानेवारीत उणे तीसच्या खाली जातं, तेव्हा ते तेल पंपाला ओढताच येणार नाही आणि वरचे भाग कोरडे घासतील. अशा थंडीसाठी गाडीच्या पुस्तकातच पातळ तेल सांगितलंय. ०डब्ल्यू-३० सिंथेटिक घातलंय, विषय संपला. झाकणाच्या आत जो पिवळट थर तुम्हाला फोटोत दिसला, ते हेडगॅस्केट फुटून तेलात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळल्याचं लक्षण नव्हे. थंडीत दोन-चार किलोमीटरच गाडी चालली की इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल धरते आणि झाकणाला तो थर येतो. कूलंटची पातळी मी रोज बघतोय, तसूभर कमी नाही.

आणि हो आई, ट्रक विजेवर चालत नाही. हे तू आत्याला आणि खालच्या काकूंनाही सांगून झाली आहेस असं कळलं, म्हणून नीट सांगतो. इथे प्रत्येक गाडीच्या तोंडातून जीभ बाहेर आल्यासारखी एक वायर लोंबते, टोकाला साधा प्लग. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, ऑफिसबाहेर, प्रत्येक जागेपुढे खांब आणि त्यावर सॉकेट. संध्याकाळी माणसं घरी येतात, गाडी लावतात आणि प्लग खोचतात. मी आलो त्या वर्षी मलाही वाटलं, केवढा पुढारलेला देश, झाडून सगळ्यांकडे इलेक्ट्रिक गाड्या! तसं नाही. इंजिनात एक छोटा हीटर असतो, तो कूलंट गरम ठेवतो. त्याच्या उबेने इंजिन आणि आतलं तेल गोठल्यागत होत नाही आणि सकाळी गाडी सुरू होते. ही युक्ती शेजारच्या अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थांची, १९४० च्या दशकातली. रात्रभर लावायची गरज नसते, निघायच्या आधी तीन-चार तास पुरतात, म्हणून लोक टायमर लावतात. मीही लावलाय, पहाटे तीनला सुरू होतो. बिलाचं म्हणशील तर माझा हीटर ४०० वॉटचा, आपला गिझर २,००० चा. बाबा गिझर चालू ठेवून पेपर वाचत बसतात त्यापेक्षा माझा ट्रक स्वस्तात आंघोळ करतो. आणि प्लग काढायला विसरून निघणारे दर हिवाळ्यात दिसतात. मागे वायर फरफटत चाललेली, आणि सिग्नलला कोणी काच खाली करून सांगतही नाही. सगळे नुसते हसतात.

जुनं तेल ओतून दिलं नाही. तिकडे गॅरेजवाला ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला विकतो, इथे त्याच डब्यांत भरून जमा केंद्रावर नेऊन द्यायचं. नवं तेल घेताना त्याच्या विल्हेवाटीचा आकारही बिलात लावतात, तेव्हा फुकट काही नाही.

ट्रक असला की गावभर मित्र होतात हे मात्र खरं. दर महिनाअखेरीस कोणाचा ना कोणाचा फोन. सोफा न्यायचाय, फ्रीज न्यायचाय, गादी न्यायचीय. मागच्या शनिवारी एका पंजाबी मुलाचं आख्खं घर हलवलं, चौथ्या मजल्यावरून. त्याच्या आईने पराठे केले. ती तिकडून खास सामान लावून द्यायला आली होती.

तर आपल्या घराचं. नौपाड्याची चावी डिसेंबरअखेर बिल्डरला द्यायची हे चिनूने सांगितलं. कासारवडवलीचा फ्लॅट चांगला दिसतो, हवा येईल. तळ्यावरचं फिरणं आणि आईचा कोपिनेश्वराचा सोमवार लांब पडेल, पण तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे. टेंपोवाल्याशी मी बोललोय. माणसं चार सांगितलीत, तुम्ही दोनवर आणू नका. गोदरेजच्या कपाटाला बाबांनी हात लावायचा नाही. माळ्यावरची माझी पुस्तकं रद्दीत दिलीत तरी चालेल. कॅरम ठेवा.

चिनूच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. ट्रकमुळे नाही, आई. तू तसं बोलली नाहीस, पण मामाने बोलून दाखवलं. ट्रकला जेवढे गेले त्यात डिसेंबरचं जायचं तिकीटसुद्धा निघत नाही, मी बघितलं होतं. रजाच नाही. लग्नाला मात्र महिनाभर येतो, मे महिन्याची रजा मंजूर झाली आहे. हॉलच्या डिपॉझिटचे दीड लाख काल पाठवलेत, मंगळवारपर्यंत खात्यात दिसतील. बाबा, ते एफडीत टाकून स्वतःचे काढू नका, मला कळतं.

डोंबिवलीच्या स्थळाचं. मुलगी चांगली वाटली, तिने सरळ विचारलं की परत येणार आहात का. मी म्हटलं पीआरचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं, होऊ दे, मग बघू. यावर ती जे म्हणाली ते तिच्या घरच्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. त्यांना माझ्यासाठी थांबवून ठेवू नका.

साखरपुड्याच्या दिवशी इथे पहाट असेल. मी जागा राहतो. चिनू, त्या दिवशी तरी मोबाइल कोणाच्या तरी हातात दे.

तुमचा,
बंड्या

ता. क. बाबा, मोतीबिंदूची तारीख घराच्या गडबडीत पुढे ढकलू नका. पैसे वेगळे काढलेत.