शिवसागरात वल्हवणाऱ्यांना मुक्कामाची जागा द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कोयनेच्या शिवसागर जलाशयात इंजिनाविना चालणाऱ्या होड्यांसाठी नियम ठरवण्याबाबत.

महोदय,

तापोळ्याला कोयना आणि सोळशीचं पाणी एकत्र येतं. तिथपासून कोयनानगरच्या धरणापर्यंत साधारण 50 किलोमीटर पाणी पसरलंय. नकाशावर हा एकच जलाशय दिसतो. कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून, मात्र डोंगराची एक सोंड ओलांडली की दुसरं तळं उघडतं. हे जावळीचं खोरं आहे, आणि या पाण्याखाली माणसांची गावं आहेत. इथे शांतपणे वल्हवत जाणं हाच हा मुलूख पाहण्याचा सगळ्यात चांगला मार्ग आहे, असं आमचं मत आहे.

अडचण वासोटा किल्ल्याची आहे. बामणोलीहून परवाना घेऊन लाँच तास-दीड तासात गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीला पोहोचते, लोक गड चढतात आणि संध्याकाळच्या आत परततात. त्याच दिवशी परतण्याचा नियम लाँचच्या या वेगावर बेतलेला आहे. सामान भरलेली कयाक ताशी 4 ते 5 किलोमीटर जाते, म्हणजे लाँचच्या तासाला तीन-चार तास. रात्री थांबायला परवानगी नसल्याने वल्हवणाऱ्याला परतीसाठी नेमकं दुपारी पाण्यात उतरावं लागतं, आणि वारा दुपारनंतरच उठतो. लांबलचक उघड्या पाण्यावर त्याच्या लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडी आडवी फिरते, कडेवरून पाणी आत येतं. आत हवाबंद कप्पे नसतील तर शे-दीडशे लिटर पाणी भरतं. तेवढ्या किलोची होडी पाण्यात उभं राहून कुणालाही रिकामी करता येत नाही.

म्हणून पहिली मागणी : व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राबाहेर, गावांच्या संमतीने, मुक्कामाच्या दोन जागा ठरवा. मग सकाळी उजाडल्यापासून साडेदहापर्यंतच पाण्यावर राहायचं, हा नियम घालता येईल आणि पाळताही येईल. चुलीला बंदी असावी, फक्त गॅसचा स्टोव्ह. कचरा मोजून परत आणायचा. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी यापेक्षा सैल नियम आम्हालाही नको.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. पावसाळ्यानंतर पाणी उतरत जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये काठ लांबवर उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला गाळ टणक दिसतो. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो. दोघांनी 25-30 किलोची होडी उचललेली असते, त्यातला एक रुतला की दुसऱ्याचा खांदा तरी जातो किंवा पाय मुरगळतो. उतरण्याच्या जागा मुरमाच्या किंवा कातळाच्या सोंडांवर निवडाव्यात. त्याची पाहणी मे महिन्यातच व्हायला हवी, कारण तेव्हाच जुने बांध आणि झाडांची खोडं डोळ्यांना दिसतात. जानेवारीत तीच खोडं पाण्याखाली वीतभर असतात. तिथे तरंगते पिवळे बोये लावले तर लाँचवाल्यांचाही फायदा आहे.

लाँच आणि गाड्या-माणसं पलीकडे नेणारा तराफा ही या गावांची एसटी आहे. त्यांना कायम वाट द्यायची, तराफ्याच्या पुढून आडवं जायचं नाही. लाँचची लाट आली तर कयाकने नाक तिच्याकडे वळवायचं. आठ होड्यांमागे स्थानिक बोट क्लबची एक लाँच सोबतीला घेणं सक्तीचं करा. सुटकेची सोय होते आणि पैसा विस्थापितांच्या गावात राहतो.

साधनांत तडजोड नको : मापाचं, बंद लावलेलं लाइफ जॅकेट, शिट्टी, होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे, पाणी उपसायचा हातपंप, 15 मीटर दोर. ढिलं जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर सरकतं. खांद्यापाशी धरून वर ओढलं आणि ते हनुवटीला लागलं, तर माप चुकलं. ही तपासणी धक्क्यावर प्रत्येकाची व्हावी.

पाणी जलसंपदा खात्याचं, जंगल वन खात्याचं, पर्यटन आपलं. तिन्ही खात्यांनी येत्या मे महिन्यात एकत्र एक दिवस लाँचमधून काठ पाहावा. कोणत्या सोंडा दाखवायच्या, याची यादी आम्ही आपल्या कार्यालयात आणून देऊ.

आपले,
शिवसागरात वल्हवणारे