सूचना : लढाईतले नियम आणि वाद

सर्व खेळाडूंना,

मागच्या सत्रात शत्रूला ढकलण्यावरून झालेल्या वादात पाऊण तास गेला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या आपल्या फाशांच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शत्रू स्वतःहून तुमच्या टप्प्याबाहेर निघाला, तरच जाता जाता त्याच्यावर वार करता येतो. कोणी ढकलला तर नाही. म्हणजे नियम स्पष्टच होता, आपणच वाचला नव्हता!

खरोखर संदिग्ध असेल तिथे डंजन मास्टरचा (खेळ चालवणाऱ्याचा) निर्णय त्या लढाईपुरता अंतिम. हरकत फासा टाकण्यापूर्वी, एका वाक्यात. पुस्तक सत्र संपल्यावर उघडू. ठरलेला अर्थ वहीत लिहू. तो राक्षसांनाही लागू.

आणि हो, वीस बाजूंच्या फाशावर २० पडले म्हणून कुलूप आपोआप उघडत नाही. ती सवलत हल्ल्याच्या फाशाला आहे.