वाहता कान टॉर्चला दिसतो, साचलेला दिसत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे वर्षातून एकदा त्याचं तपासणी पथक येतं. वजन-उंची होते, दात बघून होतात आणि कानात टॉर्च मारला जातो. पू वाहत असेल तर तो टॉर्चनंही दिसतो. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर ओटोस्कोपच, म्हणजे कानात बघायचं दिवा-भिंगाचं उपकरणच, लागतं.

वर्गात जास्त नडतो तो हा साचलेला कान. ना ताप, ना ठणका, फक्त ऐकू कमी येतं. पोर श्रुतलेखनात ‘भात’चा ‘बात’ करतं आणि लक्ष नाही म्हणून ओरडा खातं.

लहान मुलांची घशापासून कानापर्यंतची नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज कानात उतरते. पू धरला की पोर रात्रभर रडतं, मग कानात लसणीचं कोमट तेल पडतं. पडदा फाटून पू बाहेर आला की दुखणं थांबतं, आणि श्रेय तेलाला जातं! त्यानंतर कान वाहत राहिला तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही.

प्रत्येक ठणक्याला अँटिबायोटिक लागत नाही. दोन वर्षांवरच्या मुलाचं दुखणं सौम्य असेल तर डॉक्टर पॅरासिटॅमॉल देऊन दोन-तीन दिवस वाट बघतात. तान्ह्या बाळाला किंवा ताप चढा असेल तर सहसा अमॉक्सिसिलिन देतात, आणि तो कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. दोन आठवड्यांच्या वर वाहणाऱ्या कानाला स्वच्छ कापडाच्या वातीनं कोरडं करून सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब घालतात. वात कशी करायची हे आशाताई घरोघरी दाखवू शकतील. पण पुवाला घाण वास मारत असेल तर आतलं हाड कुरतडलं जात असू शकतं. तिथे तज्ज्ञच हवा, बहुधा ऑपरेशनही.

म्हणून पथकाच्या गाडीत चालू ओटोस्कोप द्या, सेलसकट. आरोग्य केंद्रात कानाचे थेंब बारमाही ठेवा. आणि ‘तालुक्याला दाखवा’ अशी चिठ्ठी देताना कान-नाक-घसा तज्ज्ञ तिथे कोणत्या वारी बसतात, ते त्याच चिठ्ठीवर छापा. मजुरी बुडवून गेलेली आई डॉक्टर न भेटता परतली, की पुन्हा जात नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका