मंगळवेढ्याच्या मावशींना

मावशी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवीलच. तरी ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण ज्वारीची भाकरी रोज खाणारी माझ्यासारखी कितीतरी माणसं आहेत आणि तुमचे आभार त्यांनीही मानायला हवेत.

मैत्रिणीच्या रानात काढणी बघायला आले तेव्हा मालदांडीबद्दल, म्हणजे तुमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या वाणाबद्दल, मला दुकानातलं तेवढं माहीत होतं. दाणा मोत्यासारखा, भाकरी सकाळची संध्याकाळी मऊ, भाव इतर ज्वारीपेक्षा चढा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही वाचलं होतं. पण ज्वारी उपटून काढतात हे ठाऊक नव्हतं. विळ्यानं कापत असतील असंच धरून चालले होते.

तुम्ही मला तुमच्या पातीत, म्हणजे काढत पुढं जायच्या तुमच्या ओळींच्या पट्ट्यात, घेतलंत. त्याची किंमत मला मैत्रिणीनं रात्री सांगितली. काम तुम्ही उक्तं घेतलं होतं, म्हणजे जेवढं रान मोकळं होईल तेवढाच पैसा. अशा कामात नवख्या बाईला शेजारी घेणं म्हणजे स्वतःची मजुरी कमी करून घेणं. तुम्ही ते बोलूनही दाखवलं नाहीत. उलट पदराची चिंधी फाडून माझ्या बोटांना बांधलीत आणि म्हणालात, “धाट खालनं धर. हातानं न्हाई गं, कमरंनं वढ.”

ते शिकायला मला दुपार झाली. वाकायचं, दोन-तीन धाटं मुठीत धरायची, झटका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची, आडवं टाकायचं आणि पुढं सरकायचं. काळं रान तोवर वाळून टणक झालेलं असतं, ते मूळ सहज सोडत नाही. वरून कणसांची बारीक टोचरी कूस उडते, मानेला आणि कोपराच्या खळग्यात खाज सुटते. एवढ्या जिवावर येणाऱ्या पद्धतीनं का काढता, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही बांधावरच्या म्हशीकडं बोट दाखवलंत. कडबा बुडापासून सगळा हाती यायला हवा. माणसाला दाणा, जनावराला कडबा, आणि एखाद्या वर्षी शेतकऱ्याला कडब्याचाच आधार जास्त. पुण्यातल्या माझ्या घरी चहात पडणाऱ्या दुधाशीही तुमच्या कमरेचा संबंध आहे, हे मला त्या बांधावर कळलं.

सावलीला बसलो तेव्हा तुम्ही आधीचे महिने सांगितलेत. परतीच्या पावसावर पेरायची, त्यानंतर आभाळाकडून फारशी आशा ठेवायची नाही. जमिनीत मुरलेली ओल आणि थंडीतलं दव यांवर चार महिने काढायचे. काळ्या मातीला भेगा पडू लागल्या की त्यांतून ओल उडून जाते, म्हणून कोळपणी करून भेगा बुजवायच्या. “येक कोळपणी म्हंजी अर्धं पाणी,” असं तुम्ही म्हणालात. पाणी घातलं नाही तरी राखता येतं, हे शहाणपण ज्या भाकरीत आहे ती मी इतकी वर्षं फोनकडं बघत खात होते.

तुम्ही मात्र पहिला घास कोरा खाल्लात. भाजी नाही, ठेचा नाही, नुसती भाकरी, सावकाश. मी कारण विचारलं नाही, तसंच करून बघितलं. मालदांडीला स्वतःची गोडी असते. ती भाजीच्या तिखटाखाली दबते आणि आपल्याला कळतही नाही. आता आमच्या घरी पहिला घास कोराच असतो, आणि ज्वारी आणताना ती कुठल्या रानातली हे मी विचारते. दुकानदाराला बहुतेक वेळा सांगता येत नाही. तरी विचारत राहते.

दामाजीपंतांच्या देवळात तुमच्याबरोबर गेले होते. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारं उघडून भुकेल्यांना धान्य वाटलं, ही कथा महाराष्ट्रभर सांगतात आणि सांगायलाच हवी. पण त्या दिवशी हातांना फोड आलेले असताना मला पहिल्यांदाच वाटलं, की कोठारांतलं ते धान्य कुणी पेरलं, कुणी उपटलं, कुणी उफणलं, याचा कथेत कुठं पत्ता नाही. नावं कुणी विचारलीच नसतील.

जाताना तुम्ही माझ्या पिशवीत सरव्याची ज्वारी ओतलीत. काढणी आटोपल्यावर रानात राहिलेली कणसं एकेक वेचून, बडवून, पाखडून साठवलेली ज्वारी, म्हणजे उन्हात पुन्हा पुन्हा वाकून मिळालेली. मी नको म्हणत होते, तर म्हणालात, “पाव्हणी रिकाम्या हातानं जाती व्हय?” त्या पिठाच्या भाकरी मी घरच्या सगळ्यांना बसवून वाढल्या आणि सरवा म्हणजे काय ते सांगितलं. माझ्या मुलीनं ताटाबाहेर सांडलेला तुकडा उचलून खाल्ला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी, भाव वाढला की आम्ही शहरात कुरकुरतो. काढणीला माणूस मिळत नाही म्हणून तुमच्याकडं कुणी ज्वारी मोडून ऊस लावतं, त्याची बातमी आमच्यापर्यंत पोचत नाही. मालदांडी आमच्या ताटात राहायची असेल तर तुमच्या मजुरीला बरे पैसे पडले पाहिजेत. त्यासाठी ज्वारीला चार पैसे जास्त मोजणं मला रास्त वाटतं आणि मी ते ओळखीच्या सगळ्यांना सांगते.

मला पातीत घेतलंत, खोळंबा सोसलात, पदर फाडलात, सरवा दिलात. तुमचे मनापासून आभार.

औंदा परतीचा पाऊस तिकडं कसा झाला? पेरणी उरकली का? नातवाला फोन करायला सांगा. काढणीला मी येणार आहे, या खेपेला मुलीला घेऊन. आमच्या दोघींची पात वेगळी धरा, तुमच्या उक्त्यात खोट नको.

तुमची,
पुण्याची पाव्हणी