काकूंच्या नागिणीबद्दल

प्रिय सुध्या,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास की काकूंना कपाळावर नि डोळ्यापाशी नागीण उठलीय, बाकी ठीक. मला मात्र रात्रभर झोप नाही, म्हणून लिहितोय.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच व्हायरस रे, वर्षानुवर्षं नसांमध्ये (रक्ताच्या नव्हे, मज्जातंतूंमध्ये) गपचूप पडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की परत उठतो. डोळ्याजवळ नागीण ज्या नसेतून येते तिच्याच फांद्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात, आणि व्हायरस त्या वाटेने रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरला की तिला सूज येते, ती आतून अरुंद होते, गुठळी होऊ शकते. म्हणून पुरळ सुकलं तरी पुढचे काही महिने स्ट्रोकचा धोका नेहमीपेक्षा जास्त राहतो. बहुतेकांना काहीही होत नाही हं, घाबरवत नाहीये. पण अँटीव्हायरलचा कोर्स पूर्ण होऊ दे, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आजच दाखव, आणि आजारपणाच्या गडबडीत बीपीची गोळी राहू देऊ नकोस.

बाबांचं तुला तेव्हा अर्धवटच सांगितलं होतं. फ्लूचा तिसरा दिवस, ताप उतरत आलेला. सकाळी स्ट्रिप हातात घेऊन बसले होते आणि उजव्या अंगठ्याने गोळी काही दाबून निघेना, स्ट्रिप दोनदा खाली पडली. आम्ही म्हटलं तापाने अशक्तपणा आलाय, पडा जरा. दुपारी उठले तर तोंड वाकडं, जीभ जड. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आमची वेळ झोपेत निघून गेली. तापाचा अशक्तपणा सगळ्या अंगाला येतो, एकाच हाताला नाही, एवढं साधं आम्हाला सुचलं नाही.

नंतर वाचत बसलो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरचा २००४ चा अभ्यास आहे, त्यात छातीच्या इन्फेक्शननंतर पहिल्या ३ दिवसांत स्ट्रोकचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं, मग हळूहळू खाली येत गेलं. कोविडनंतरही तसंच दिसलं. शरीर व्हायरसशी लढताना रक्त लवकर गोठायला लागतं, त्यात पाणी कमी पडतं, आणि आधीच बीपी-शुगर असलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

तू एवढं कर, रोज काकूंशी दोन मिनिटं बोल, हसल्या तर तोंड सरळ आहे का, दोन्ही हात सारखे वर राहतायत का बघ. जरा जरी फरक वाटला तरी झोपवू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ आणि नागीण झाली होती हे तिथे आधी सांग.

मी रविवारी येतोच. काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू